आधी मामींना कळलं पाहिजे

चाकणच्या त्या कंपनीतल्या माझ्या पहिल्याच सकाळी मी चाळीस माणसांना आपली बोटं कंपनीला दान करताना पाहिलं. तेही शपथेवर, उजवा हात पुढे करून.

प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या विभागाची, पहिली शिफ्ट सातला सुरू व्हायची. त्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना एका खांबाजवळ उभं करून सुरक्षेबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आणि शेवटी शपथ घ्यायची, अशी पद्धत होती. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागोमाग म्हणायची. त्या दिवशी शपथ सांगणारा माणूस बुटका, काटक, साठीकडे झुकलेला आणि चेहरा अगदी गुळगुळीत घोटलेला असा होता. "मी शपथ घेतो की," झालं. "काम करताना सुरक्षेचे सर्व नियम पाळीन," झालं. आणि मग त्याच आवाजात, त्याच चालीवर तो म्हणाला, "आणि माझी दहाही बोटं कंपनीला दान करीन."

चाळीस जण एका सुरात म्हणाले, "आणि माझी दहाही बोटं कंपनीला दान करीन." त्यात मीही होते. नवं हेल्मेट सारखं कपाळावर घसरत होतं, माझं लक्ष त्यात होतं, ही माझी सबब.

तो माणूस हसला नाही. हात खाली घेऊन म्हणाला, "दिली ना समद्यांनी? झ्याक झालं. सुटताना गेटवर जमा करून जावा."

मग एकेकाला कळायला लागलं. पहिल्या रांगेतला एक जण खुदकन हसला, मागच्यानं "आयला!" म्हटलं, आणि पुढच्या मिनिटात सगळेच आपापल्या हातांकडे बघत होते. तो तेवढ्यासाठीच थांबला होता. "पुन्यांदा घेऊ," म्हणाला, आणि शपथ पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या वेळी प्रत्येक जण प्रत्येक शब्द तपासून म्हणत होता. इतकं लक्ष देऊन घेतलेली शपथ मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

त्यांना सगळे मामा म्हणत. कागदोपत्री ते शॉपचे सुपरवायझर. सेफ्टी डिपार्टमेंट वेगळं होतं, एसी केबिनमध्ये बसणारं, आणि मी परभणीहून डिप्लोमा करून त्याच केबिनमध्ये ट्रेनी म्हणून आले होते. पण प्रेस शॉपची ती पाच मिनिटं कित्येक वर्षांपासून मामांची होती. आमच्या केबिनमधल्या कुणी ती घेतली तर माणसं जांभया द्यायची, म्हणून ती गुपचूप मामांच्या पदरात गेली होती.

ते मला पहिलं वाक्य काय बोलले तेही आठवतंय. मी मोशीहून कंपनीच्या बसनं यायचे आणि इकडच्या सगळ्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ बांधलेला असायचा. मी तशीच त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "मॅडम, तोंड घरी ठिवून आलाय काय? आधी त्यो स्कार्फ काढा. माणूस बोलतंय का मुकं हाय, काय कळंना."

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की कान लाल होतात, त्यामुळे लपतही नाही.

मामांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! एक म्हणजे ते त्या ठरावीक खांबाजवळच उभे राहत. शॉपच्या छतात एका ठिकाणी पारदर्शक पत्रा होता, त्यातून सकाळचं ऊन नेमकं त्या खांबापाशी उतरायचं. ढगाळ दिवशी ते खांब सोडून ट्यूबलाइटखाली जायचे. लोक गमतीनं म्हणायचे, मामा फोटो काढून घ्यायला उभे राहतात. दुसरं म्हणजे चाकणजवळच्या निघोज्यासारख्या गावात जन्मून त्यांना मिशी नव्हती. त्यांच्या वयाच्या, त्यांच्या गावच्या माणसाला मिशी नसणं म्हणजे काय, हे तिथल्यांनाच कळेल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घरात चालत न्हाई." मग हसाहशी व्हायची, मामीचा धाक म्हणून. तिसरं म्हणजे त्यांना माईकचा तिटकारा होता. एकदा कुणीतरी त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो शेजारच्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "धरा जरा, मी बोलून घेतो."

आणि ते दिवसाला एकच गोष्ट सांगायचे. एकच. आज बूट म्हणजे बूट. हातमोज्यांचं उद्या. बोलताना कधी खाली बघायचे नाहीत, कागद तर नाहीच. हळूहळू मान फिरवत प्रत्येकाला तोंड दाखवायचे, शब्द सुटे सुटे करून बोलायचे. पाठमोरं होऊन एक अक्षर बोलायचे नाहीत. फळ्यावर काही लिहायचं असलं तर आधी गप्प बसून लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे. मला वाटायचं, किती नाटकी माणूस आहे हा.

महिन्याभरानं मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. मामा तीन महिन्यांत रिटायर होणार होते. "प्रेस शॉपची पाच मिनिटं आता तुम्ही घ्यायला लागा. लोकांनी ऐकलं पाहिजे. जमलं तर तुम्हाला कायम करायचं बघू." नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी घरी फोन करून आईला फक्त अर्धी गोष्ट सांगितली.

मी रात्रभर जागून तयारी केली. शाळेत वक्तृत्वात मला बक्षीस मिळालेलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. विषय घेतला दोन बटणांचा. आमच्या जुन्या प्रेसना दोन बटणं असत, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. दोन्ही हात बटणांवर म्हणजे प्रेसखाली एकही नाही, इतकं साधं. पण काही जण एका बटणात काहीतरी खुपसून ते दाबूनच ठेवत, म्हणजे एका हातानं पत्रा सरकवता यायचा आणि दिवसाचे नग वाढायचे. याच्याविरुद्ध मी बोलले. "मित्रहो, सुरक्षा ही आपल्या सर्वांची सामूहिक जबाबदारी आहे," इथून सुरुवात केली. मधे एक कविता घातली. शेवट आवाज चढवून केला. टाळ्या झाल्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या. मी तरंगत केबिनमध्ये आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी घडी घातलेला पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा माझ्यापुढे ठेवला.

"सात नंबरच्या प्रेसवर गावला. डाव्या बटणात."

"पण मी सांगितलं होतं!" मी म्हटलं. "परवाच सांगितलं. सगळे ऐकत होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"व्हय, वाजिवल्या. तू सांगितलंस." ते पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होते. "पोचलं न्हाई."

सात नंबरवर लातूरकडचे एक भाऊ होते, चाळिशीचे, दोन मुलींचे बाप, कामाला वाघ. मी बोलताना ते पहिल्या रांगेत उभे होते आणि मान डोलावत होते. त्यांचा हात त्या तीन दिवसांत केव्हाही गेला असता. या विचारानं मी तिथेच, केबिनमध्ये, सगळ्यांसमोर रडले. रडण्यात भीती होतीच, पण अपमानही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मामांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तोंड कुनाचंबी ऐकल्यावानी करतंय. पाय करत न्हाईत. तू बोलत व्हतीस तवा मी त्यांचं बूट बघत व्हतो. समद्यांचं चवडं मशीनकडं. एक बूट तुझ्याकडं वळल्याला न्हवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांबाजवळ उभे राहिले आणि त्यांनी सात नंबरच्या भाऊंना पुढे बोलावलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर त्यांचे वाभाडे निघणार. मामांनी खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली. शॉपमध्ये तंबाखू आणायला सक्त मनाई, आणि मामांना तर सुपारीचंही व्यसन नव्हतं. "भाऊ," ते म्हणाले, "लई दिस झालं, तुमच्या हातची तंबाखू खावी म्हणतोय. मळा."

भाऊ ओशाळले. "मामा, हितं?"

"हितंच. फकस्त येका हातानं."

भाऊंनी हसत हसत डावा हात मागे धरला. उजव्या तळव्यावर तंबाखू घेतली. चुना घ्यायला बोट नाही. अंगठ्यानं डबी उघडायला गेले तर तंबाखू सांडली. लोक हसायला लागले. "दाताने उघडा की!" कुणीतरी ओरडलं. त्यांनी दातानं डबी उघडली, चुना हनुवटीला लागला. आता हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते, भाऊही हसत होते. मामा एकटे हसत नव्हते. ते थांबले होते. हळूहळू हसणं ओसरलं. भाऊ तळव्यावरच्या त्या चुन्याच्या गोळ्याकडे बघत राहिले.

"मग कोन मळून देईल?" मामांनी विचारलं. अगदी हळू, मागच्याला कान द्यावा लागेल इतकं हळू. "धाकली पोर देईल?"

मी खाली बघितलं. चाळीस जोड बूट, सगळ्यांचे चवडे मामांकडे.

"बास. चला," मामा म्हणाले. पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी बटण हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत भाऊ माझ्याकडे आले, आणखी एक पुठ्ठ्याचा तुकडा खिशातून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, हा राखीव होता. ठेवा तुमच्यापाशी. माफी करा."

मी मामांना गाठलं. "मला शिकवा," म्हटलं.

"मला कुटं येतंय? घरी ये आयतवारी. मालकीन शिकीवती."

निघोज्यात त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, दारात तुळस आणि तुळशीला टेकून ठेवलेली सायकल. मामी दारातच बसल्या होत्या. मी "मामी, नमस्कार," म्हणत उसनी आणलेली स्कूटी लावली, त्या हातातल्या मेथीकडेच बघत राहिल्या. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तरी नाही. मामा आतून आले, मामींच्या समोर जाऊन उकिडवे बसले, उन्हाकडे तोंड केलं आणि सुटे सुटे शब्द करून म्हणाले, "कंपनीतली पोर. परभणीची. बोलायला शिकायचं हाय तिला."

मामींनी त्यांच्या ओठांवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं आणि फार गोड हसल्या.

मग मला एकेक करून सगळं दिसायला लागलं. उजेडाचा खांब. घोटलेली मिशी. तोंडासमोर न धरलेला माईक. पाठमोरं कधीच न बोलणं. "घरात चालत न्हाई" म्हणजे काय होतं ते. इतके दिवस मी ज्याला नाटक म्हणत होते, ती त्या माणसाची घरातली सवय होती. मला माझीच लाज वाटली.

ही सवय कशी लागली, ते मामांनी मला त्याच दिवशी सांगितलं, मामी आत चहा टाकायला गेल्यावर. मामींचा एक कान लहानपणापासून अधू. लग्नानंतर काही वर्षं त्या चिखलीत एका शेडमध्ये कामाला होत्या, तेलाच्या रिकाम्या पिंपांचे पोचे हातोडीनं ठोकून काढायच्या कामाला. दिवसभर तो आवाज. मामा तेव्हा नुकतेच एका कंपनीत लागले होते, तिथं त्यांना कानात घालायची बुचं मिळायची, त्यामुळे आवाजानं कान जातात हे त्यांना ठाऊक होतं.

"मी सांगितलं व्हतं तिला," मामा म्हणाले. "कानात कापूस घालत जा म्हनून. येका सकाळी. मला पाळीला उशीर झाल्याला, बुटाची नाडी बांधत, दाराकडं तोंड करून सांगितलं. ती चुलीपाशी. ती व्हय म्हनली. मला वाटलं, सांगितलं म्हंजी झालं." त्यांनी तुळशीतलं एक वाळकं पान खुडलं. "तिला ऐकूच गेलं न्हवतं गं. मी काय बोललो ते न कळताच ती व्हय म्हनली व्हती. दोन वर्सांनी समदं गेल्यावर कळलं मला."

त्यांनीच विषय बदलला.

त्या घरातला नियम असा होता. रोज पहाटे चहाच्या वेळी मामा त्या दिवशीची पाच मिनिटं आधी मामींना सांगायचे. मामी कप हातात धरून ओठांकडे बघत बसायच्या. मधेच त्यांनी चहाचा घोट घेतला, म्हणजे घोट घ्यायला नजर खाली गेली, म्हणजे ते भाषण नापास. मामा नवं काहीतरी शोधायचे. मामी चहा विसरल्या, चहा निवला, तर ते भाषण कंपनीत जायचं. "इतकी वर्सं गार चा पितीय बिचारी माझ्यापायी," मामा म्हणायचे, आणि त्यात अभिमान किती असायचा!

तंबाखूचं मामींनीच सुचवलं होतं, हेही मला तिथंच कळलं.

पुढचे दोन महिने दर रविवारी मी निघोज्याला जायचे आणि मामींसमोर नापास व्हायचे. मी "सुरक्षा" म्हटलं की मामी घोट घ्यायच्या. "जबाबदारी" म्हटलं की घोट. एकदा माझी ती कविता म्हणून दाखवली, तर सगळा कप संपवून त्या मेथी निवडायला लागल्या. मामा मागे भिंतीला टेकून पोट धरून हसत होते. मी चिडून म्हटलं, "मामी, तुम्ही मुद्दाम करताय!" मामी त्यांच्या त्या सपाट, जरा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "तू मला सांगंनास. तू तुलाच सांगतीस."

तो रविवार मी नीट बोललेच नाही. पुढच्या रविवारी मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते गिरणीत दळण घालताना पट्ट्यात धोतराचा सोगा अडकला होता आणि आईनं कात्रीनं तो कापला, तेवढीच गोष्ट. कात्री सापडत नव्हती, तिथपर्यंत मी आले. बघते तर मामींच्या कपावर साय धरली होती.

निरोपसमारंभ कॅन्टीनमध्ये ठेवला होता. मामी आल्या होत्या, नव्या हिरव्या लुगड्यात, पहिल्या रांगेत. मामांचं कंपनीतलं बोलणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ऐकू येत नाही हे मामा आणि मी सोडून तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी मला आधीच बजावलं होतं, "माझ्यावर बोलायचं तर तूच बोल. तिला कळंल असं बोल. येवढंच."

पण कार्यक्रम पडला कंपनीचा. मामांचे फोटो पडद्यावर दाखवायचे म्हणून दिवे मालवले. मॅनेजर साहेब अंधारात माईक तोंडाला लावून पंधरा मिनिटं बोलले, आणि चांगलं बोलले, अगदी मनापासून. मामी अंधारात समोर बघत हसऱ्या चेहऱ्यानं बसून होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या की त्याही वाजवायच्या, जरा उशिरानं. आपल्या नवऱ्याबद्दल इतकं सगळं बोललं जातंय आणि त्यांना त्यातला एक शब्द मिळत नाही, हे बघून माझा जीव तुटत होता.

माझं नाव पुकारलं. माझ्या हातात माईक आला आणि जुनी खोड जागी झाली. "आदरणीय व्यासपीठ," मी म्हटलं, आणि मामींनी नजर खाली करून लुगड्याची निरी सारखी केली. तो चहाचा घोटच होता.

मी माईक टेबलावर ठेवला. "दिवे लावा," म्हटलं. पडद्यावरचा फोटो पुसट झाला. मी स्टेजवरून खाली उतरले, मामींच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले आणि बोलायला लागले. लगेच मागून "आवाज! आवाज!" सुरू झालं. साहेबांनी माईककडे बोट दाखवलं. नोकरी, आई, मोशीची खोली, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण मामींची नजर आता माझ्या ओठांवर होती आणि ती सोडायची माझी छाती झाली नाही. मी तशीच बोलत राहिले. मग मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उठून पुढे आले. त्यांच्यामागून दुसरे आले. बघता बघता सगळं प्रेस शॉप आमच्याभोवती गोल करून उभं राहिलं, सकाळी खांबाजवळ राहायचं तसं.

मी मामींना तंबाखूची गोष्ट सांगितली, त्यांचीच. पुठ्ठ्याचे दोन तुकडे दाखवले. म्हटलं, "मामी, माझ्या पहिल्या दिवशी मामांनी या सगळ्यांना बोटं दान करायला लावली होती. ती कुणी दिली नाहीत. बघा." आणि मी लोकांकडे वळले. "बोटं दाखवा मामींना. सगळे. दोन्ही हात."

आधी भाऊंनी हात वर केले, दहाही बोटं फाकून. मग सगळ्यांनी. तेलाचे डाग बसलेले, घट्टे पडलेले हात. एकाचं अर्धं बोट आधीच्या कंपनीत गेलेलं होतं, त्यानं तेही वर धरलं. मामी खुर्चीतून उठल्या. त्या एकेका हाताकडे बघत गेल्या, ओठ हलत होते. मला वाटतं, त्या मोजत होत्या.

साहेबांनी मामांना दोन शब्द बोलायची विनंती केली. मामा डोळे पुसत म्हणाले, "थांबा. तिचं बघून हुं द्या." आणि मग शेवटपर्यंत ते बोललेच नाहीत.

मला कायम केलं. पाच मिनिटं माझी झाली. पण रोज चहा कुणापुढे निववायचा? मामांनीच तोड काढली. सकाळी सव्वासहाला मी मोशीला बसची वाट बघत उभी असायचे. तिथून व्हिडिओ कॉल लावायचा, मामा फोन मामींसमोर धरायचे. थंडीत त्या वेळेला अंधार असायचा, म्हणून मी पोह्याच्या गाडीवरच्या बल्बखाली उभी राहायचे. "मॅडम, आज काय विषय?" पोहेवाला विचारायचा आणि मागे उभा राहून ऐकायचा. कॉलच्या शेवटी पडद्यात मामांचं तोंड यायचं आणि निकाल सांगायचं, "निवला," किंवा "पिऊन टाकला गं, दुसरं बघ." बसमध्ये बसून मी दुसरं बघायचे. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. येणारी प्रत्येक जण मामींपुढे बसायची, मान खाली घालायची, तोंडाला पदर लावायची आणि बोलायची. दुःखात माणसं तशीच बोलतात. मामी एकेकीच्या पदराकडे बघत होत्या. एवढ्या बायका त्यांचं सांत्वन करत होत्या आणि त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मी त्यांच्यासमोर उजेडात जाऊन बसले. त्यांना सांगायचं पुष्कळ होतं, पण माझ्याच्यानं आवरलं नाही, मी दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले. मामींनी माझे हात धरून खाली घेतले. "तोंड दिसू दे," म्हणाल्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी सकाळी नुसतीच उभी असायचे. फोन लावून उपयोग नव्हता. वाजलेला मामींना ऐकू जाणार नव्हता, आणि उचलून समोर धरायला घरात कुणी नव्हतं. खांबाजवळ मी काहीतरी बोलायचे. मी बुटांकडे बघायचं टाळायचे, पण दिसायचेच. एक दिवस भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, बरं नाही का तुमाला?"

सोळाव्या दिवशी थंडी कडाक्याची होती. मी तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळून गाडीजवळ उभी होते. सव्वासहाला दोन मिनिटं कमी असताना माझा फोन वाजला. पडद्यावर मामांचं नाव.

पोहेवाल्यानं फोन माझ्या हातातून घेतला, हिरवं बटण दाबलं आणि माझ्यासमोर धरला. आधी नुसतं कपाळ दिसलं, मग एक डोळा, मग छत. मग फोन कशाला तरी टेकवून ठेवल्यासारखा स्थिर झाला आणि मामी मागे सरकून बसल्या. ट्यूबलाइट लावली होती, चहाचा कप हातात होता.

"कवाधरनं वाट बघतीय," त्या त्यांच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या. "तोंड कुटं हाय तुझं? बोल."

मी बल्बखाली सरकले, स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि त्या दिवसाची पाच मिनिटं त्यांना सांगितली. बस आली, हॉर्न वाजवून थांबली, तरी सांगत राहिले. चहा निवला.